गुरम्माचा व्हायोला, कमलम्माचा निरोप

मी, अजीज अहमद वल्द कासिमसाब, वय ७८, काम व्हायोला वाजवणे व शिकवणे, राहणार लातूर, कोणाच्या दाबाखाली न येता हे लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर आहे.

१. राहतं घर नबील व अलीझा या माझ्या मुलांना शरियतीच्या हिश्शाने जावं. खाली मी तीस वर्षं शागीर्द बसवले. तिथे नबीलने कोचिंगच्या पोरींचं होस्टेल काढलं, मला न विचारता. त्याच्या लेखी माझं वाद्य अजून "मोठं व्हायोलिन" आहे. माफ केलं, पण नोंद असावी.

२. नांदेडच्या शाळेत मी नोकरीला असताना हेडमास्तरांनी माझा संगीताचा तास गणिताला दिला. त्यांच्या घरचं कोणी मयतीला आलं तर चहा पाजावा, बसा म्हणू नये.

३. माझा व्हायोला अलीझाला. वाजवत नाही, पण पुसून ठेवते.

४. कपाटातला दुसरा व्हायोला माझा नाही, म्हणून वाटणीत धरू नये. तो माझ्या घरी राहून शिकणाऱ्या गुरम्माचा. तिच्या आईने, कमलम्माने, कानातलं विकून घेतलेला. कमलम्मा आता आमच्या होस्टेलात भाकऱ्या थापते. वाद्य तिला द्यावं. आधी पुढचं मोठ्याने वाचून दाखवावं. तिला वाचता येत नाही.

माझा नियम होता: चूक झाली की वाद्य ठेवायचं आणि आठ दिवस घरी जायचं. १९९३ साली गुरम्माने गणपतीपुढे सिनेमाचं गाणं वाजवलं. अनंत चतुर्दशीला सकाळी मी वाद्य काढून घेतलं, तिला गावी जायला औशाच्या गाडीत बसवलं. म्हणाली, "सर, आजच्या दिवस ऱ्हाऊ द्या की." मी म्हणालो, "न्हाई." दुसऱ्या दिवशी पहाटे भूकंपात घर तिच्यावर पडलं.

कमलम्मा दर गणपतीत म्हणते, "म्या विसर्जनाला ये म्हणून निरोप धाडला नसता, तर पोर वाचली असती." मी म्हणतो, "नशीब, कमलम्मा." सव्वीस वर्षं हेच म्हणतो. खरं सांगितलं तर तिच्या हातची भाकरी तुटेल, ही भीती. मी भेकड माणूस आहे.

कमलम्मा, तुझा निरोप माझ्याकडे आला होता. रियाज बुडेल म्हणून मी तो गुरम्माला सांगितलाच नाही. तू बोलावलंस म्हणून ती आली नव्हती. मी हाकललं म्हणून आली.

ठिकाण: लातूर. अनंत चतुर्दशी, १२ सप्टेंबर २०१९.

सही: अजीज अहमद

साक्षीदार:
१. शिवशंकर मलप्पा बिराजदार, माजी शागीर्द, चाकूर
२. पंचशीला भीमा कांबळे, होस्टेलच्या वॉर्डन. कलम चार वाचून दाखवण्याचं यांनी कबूल केलं आहे. नबीलला वाचू देऊ नये, तो मधलं गाळेल.