ऋतुजाला वर्गात रुळवताना

१ डिसेंबर, सोमवार. सकाळी ९
निश्चय: आजपासून नात ऋतुजाला शाळेच्या फाटकाशी सोडायचं आणि सरळ माघारी फिरायचं. पोरगा रामहरी आणि सूनबाई ऊसतोडीला गेल्यापासून ती फाटकाशी रडते, आणि मला पहिलीच्या वर्गात बसावं लागतं. रामहरीचा निरोप आलाय. पंधरा तारखेला मुकादम गावात येणार. तोवर पोरगी एकटी बसायला लागली नाही, तर तिला त्याच्यासोबत तोडीवर धाडा. तिथं कुठली शाळा. फडाजवळच्या पाचटाच्या कोपीत बसून दुसऱ्यांची तान्ही लेकरं सांभाळायची.

संध्याकाळी ५
रडली. बसलो. सतरंजीवर, गुडघे कानाला लावून. उद्या नक्की.

२ डिसेंबर
प्लॅन: पाणी पिऊन येतो म्हणून सटकायचं. फाटकापर्यंत गेलो. काठी विसरली म्हणून वर्गात परत आलो. काठी हातातच होती. वय झालं.

४ डिसेंबर
विजयमाला मॅडमचा भावनांचा तास. पोरं गोल बसून आज कसं वाटतंय ते सांगतात. माझी पाळी आली. म्हणालो, लई मजेत. शेजारी बसणारा सिदू म्हणाला की मॅडम, आबा खोटं बोलतेत, सकाळपून नाक वढतेत. सर्दी आहे. पोरांना काय कळतंय.

८ डिसेंबर
ऋतुजा पुढच्या रांगेत स्वप्नालीजवळ जाऊन बसली. दिवसभरात एकदाही मागं वळून पाहिलं नाही. किती सोसतंय लेकरू.
खिचडी बरी होती.

१० डिसेंबर
मॅडम म्हणाल्या, हळूहळू सवय लावू, आज तुम्ही व्हरांड्यात बसा. पोरीसाठी कबूल झालो. खिडकीतून लक्ष ठेवलं. सिदू म्हणाला की आबा, सरका, अंधार पडायलाय. सरकलो. दुसऱ्या खिडकीत.

११ डिसेंबर. सकाळी ९.३०
आज घराबाहेर पडायचंच नाही. शेजारच्या मंगलबाईंसोबत ऋतुजाला धाडलं.

१०.१५
पेन्सिल विसरली असेल. बघून यावं.

१०.४०
दप्तरात चार पेन्सिली निघाल्या. आलोच आहे तर बसतो.

१३ डिसेंबर, शनिवार
मॅडमनी बाजूला बोलावलं. त्यांनी ऋतुजाला विचारलं होतं, फाटकाशी रडतीस कावून. ती म्हणाली, मला न्हाई रडू येत. आई-बापू गेल्यापून आबाला घरी करमत न्हाई, चुलीपुढं बसून रडतेत. मी रडले की त्यांला वर्गात बसू देतेत.
मॅडमना सांगितलं, आमची चूल लई धुरकट आहे. त्यांनी मान हलवली. मग म्हणाल्या, सोमवारी मुकादम येतोय ना, आबा.

१५ डिसेंबर, सोमवार. सकाळी १०.२०
मुकादम फाटकाशीच उभा होता. ऋतुजाला म्हणालो, बाई, मला आता रोज घरी लई कामं आहेत, वर्गात बसायला सवड नाही. तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं. खरं का, म्हणाली. खरं, म्हणालो. हात सोडून आत पळाली. मुकादमानं तिथूनच रामहरीला फोन लावला, बसती रे तुझी पोरगी.
घरी आलो. भांडी घासायची, अंगण झाडायचं, गोधड्या घडी करायच्या.

१०.५०
कामं झाली. शाळा साडेचारला सुटते.