दोन महिने टिकणारी भाकरी

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥
उदगीर, ता. १४ डिसेंबर १९८२

चि. मलप्पा यास अक्काचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. लातूरचा जिल्हा झाल्यावर तुला कचेरीत वरची खुर्ची मिळाली, घरही बांधून झालं, वाचून बरं वाटलं. छोट्या रुद्राणीचा खोकला गेला का? इकडे थंडी चांगली पडली आहे. म्हैस आटली.

गृहप्रवेशाला साहेब मंडळी येणार, त्यांना माझ्या हातची कडक भाकरी खाऊ घालायची, दीडशे तरी पाठव, "चार दिवसांत होतील ना?" असं तू विचारलंस. इतकी वर्षं खाल्लीस, पण कशी होते ते कधी बघितलं नाहीस. कागदासारखी पातळ थापायची, तव्यावर भाजायची, मग चुलीच्या कडेला आरावर, निखाऱ्यांच्या धगीला, उभी करून फिरवत बसायचं. जाळ वाढवला की वरून करपते आणि आत ओल राहते. ती ओल पहिल्या दिवशी कुणाला कळत नाही. चौथ्या दिवशी बुरशी धरते.

"अक्काच्या हाताला धीर आहे," असं तू सगळ्यांना सांगतोस म्हणे.

बहात्तरच्या दुष्काळात तू नांदेडला कॉलेजात होतास. अप्पा आदल्याच वर्षी गेलेले. मी दिवसभर खडी फोडायचे, रेशनची लाल मिलो, ती परदेशी ज्वारी, स्वतः खायचे आणि मिळेल ती चांगली ज्वारी तुझ्यासाठी ठेवायचे. मिलोची भाकरी पातळ थापायला गेलं की फुटायची, नाहीतर तुलाही तीच पाठवली असती. महिन्याचा गठ्ठा नांदेडच्या एसटीत कंडक्टरच्या हाती द्यायचे. तू लिहायचास, "अक्का, माझं शिक्षण होऊ दे, मग तुझं बघू. जरा धीर धर." मग नोकरी लागू दे. मग जिल्हा होऊ दे. मी धरला. आता मला छत्तीसावं लागलं.

गेल्या बाजारी देवणीच्या शरणम्मा भेटल्या, शिवमूर्तीची आई. त्याच दुष्काळात ते लोक मला बघायला आले होते, तुला आठवत असेल. पुढे निरोपच आला नाही. खडीने फुटलेले माझे हात बघून नको म्हणाले असतील, असं मी धरून चालले होते. शरणम्मांनी तेच हात धरले आणि म्हणाल्या, "माय, आमाला तर तू लई आवडली होतीस. तुझ्या भावाचं कार्ड आलं, पोरीला लगीनच करायचं न्हाई म्हून. मग आमी गप बसलो."

हे तू लिहिलंस, मलप्पा. मला न विचारता.

का लिहिलंस ते मला समजतं. तुझी दोन वर्षं राहिली होती आणि गठ्ठा पाठवायला दुसरं कुणी नव्हतं. शिवमूर्तीला आता तीन मुलं आहेत, त्याच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण दहा वर्षं मी माझ्याच हातांना दोष देत बसले, आणि तू बघत राहिलास. याचा मला राग येतो. फार राग येतो.

तरी भाकऱ्या केल्या. घाईने उतरवाव्यात, ओल्या, वातड तशाच पाठवाव्यात, साहेबांसमोर तुझी फजिती होऊ दे, असं मनात आलं. तशा दोन उतरवल्याही. हाताला पटलं नाही, पुन्हा आरावर उभ्या केल्या. दीडशेच्या दीडशे कुरकुरीत झाल्या आहेत. गठ्ठा बांधून फळीवर ठेवला आहे. एसटीत दिलेला नाही, देणारही नाही. पाहुण्यांना बाजारातलं काहीतरी आणून वाढ.

तू इकडे ये. चुलीपुढे बस आणि ते कार्ड का टाकलंस ते माझ्या तोंडावर सांग. ही भाकरी दोन महिने टिकते. मीही तेवढीच वाट बघेन. त्यानंतर गठ्ठा सोडून बाजारात विकायला बसेन, आणि तुला भाऊ आहे का असं कुणी विचारलं, तर नाही म्हणेन.

वर सवयीने अक्का लिहून गेले. खाली माझं नाव लिहिते. दुसरं नाव लागायचं होतं, ते तू लागू दिलं नाहीस.

दानम्मा गुंडप्पा