सखू गेल्यानंतर

रत्नागिरी, वैशाख वद्य ५, शके १८५०

तीर्थरूप आईस गोदाचा नमस्कार. मी बरी आहे. बाबा हे वाचून दाखवतील तेव्हा मध्येच उठून जाऊ नकोस.

रत्नागिरीत दिलेली आपल्या शेजारची सखू पटकीने गेली, हे राजापुरात कळलंच असेल. आमच्याच इस्पितळात होती. तिची शुश्रूषा माझ्याकडे होती.

त्यानंतर माझं डोकं ठिकाणावर राहीना. कुणी हाक मारली की सखूच बोलावते असं वाटे. हातातलं औषध कुणाला द्यायचं तेच विसरे. इस्पितळात स्वयंपाक करणाऱ्या सोनूबाई माझ्याच खोलीत राहतात. त्या म्हणाल्या, "गोदा, घरी आलीस की आधी पाय धू, मग गरम पेज घे. पेज संपेपर्यंत इस्पितळाचं नाव काढायचं नाही."

आता रोज तसंच करते. मग त्या डोक्याला तेल लावून देतात आणि मी तांदूळ निवडत बसते. तेवढा वेळ मन एका जागी राहतं. झोप लागते, पण थोडी.

तुझा गुडघा कसा आहे? आंब्याची साटं घातलीस का?

सखूची आई विचारायला येईल. तिला सांग, शेवटी गोदा जवळ होती. खरं म्हणजे सखूने पाणी मागितलं म्हणून मी तांब्या भरायला गेले होते. परत आले तोवर संपलं होतं. हे सोनूबाईंनाही सांगितलेलं नाही. आपल्या घरातच राहू दे.

तुझी,
गोदा