केरेन्साच्या फरशांना मुरड कोणी घातली

थर्झाताईस,

धाकट्या हेडलीचा, गुडघे वाकतील तेवढा वाकून नमस्कार. तुझा दमा कसा आहे? ॲडलेडला ऊन फार म्हणे. इकडे कॉर्नवॉलात आम्ही ऊन फोटोत पाहतो. तुझी भावजय ठणठणीत आहे (आवाजाचं तर विचारूच नकोस).

तर तुझी केरेन्सा. गावच्या जत्रेपर्यंत तिने अंगावर घेतलेली बसथांब्याची भिंत उभी राहिली नाही, तर मुकाट्याने परत येऊन विम्याच्या कचेरीत बसायचं, असं बजावून तू तिला इकडे धाडलंस. पोरीने काय निवडलं ठाऊक आहे? आपल्या घरामागचा ढिगारा! कपबशांसाठी एक टोपली चिनीमाती काढायची तर नऊ टोपल्या गाळ फेकावा लागतो, तोच. त्याच्या फरशा भाजायच्या. भिंतीत नऊ ओळी गाळाच्या, एकच पांढरी. एका कपापायी किती जमीन उकरली ते बसची वाट पाहणाऱ्याला दिसावं, म्हणून. (आपली बस येईपर्यंत तो त्या ओळी दहादा मोजेल.) शेजारच्या नॅनकिव्हलकाकू कडाडल्या, "चाळीस वर्षं ज्याच्या धुळीपायी मी पडदे धुतेय, ते आता शोभेला मांडणार?" आणि फरशा लाटायला सगळ्यांच्या आधी बाह्या सरसावून हजर!

केरेन्सा भट्टीच्या व्यवस्थेला शहरात गेली आणि चॅपेलच्या हॉलात देखरेखीला मी. (हसू नकोस.) हातात लाटणं आलं मात्र, गावच्या बायकांना सारण भरायची पेस्टीच दिसायला लागली! लाटली, कड दुमडली, झकास मुरड घातली, वर कोपऱ्यात ज्याचं त्याचं अक्षर कोरलं, खाणीवर डबे बदलू नयेत म्हणून कोरायच्या तसं. अशा दोनशे चौदा! दोन दिवसांनी केरेन्सा परतली तेव्हा सगळ्या वाळून खडखडीत, आणि एकही भिंतीला सपाट बसेना. पोरगी जमिनीवर बसून रडली गं.

शेवटी काकूच म्हणाल्या, "अगं, रडतेस काय? एकीची मुरड दुसरीवर चढव, कौलं चढवतात तशी!" भाजून चढवली. अस्सा डौल आला म्हणून सांगू! पावसाचं पाणीही मुरडीमुरडीवरून खाली. जत्रेला बँड वाजला, जो तो आपलं अक्षर शोधत होता, त्या नादात दोन बस रिकाम्या गेल्या. केरेन्सा माझ्या गळ्यात पडून म्हणाली, "मामा, मला इथंच राहायचंय."

तुझा,
हेडली

ता. क. केरेन्साला द्यायला तू पाठवलेलं पाकीट तिला मिळालं नाही. मी ते हॉलात वाफेवर उघडलं (देव क्षमा करो). "भिंत होवो न होवो, निघून ये," हे वाचतोय तोच काकू दारात! घाबरून पत्र ओल्या फरशीत कोंबलं आणि कड मुरडून टाकली. बायकांना वाटलं, नमुना हाच. थांबवलं असतं तर आधी माझीच फरशी उलगडली असती.

ता. ता. क. पत्राची भट्टीत राख झाली. पुन्हा तेच सांगायचं असेल तर पोस्टाने नको, स्वतः ये. खालून चौथ्या ओळीत ती फरशी जरा फुगलेली दिसेल, कोपऱ्यात तुझं अक्षर. मामाने आईच्या नावाने हौसेने केली असं केरेन्साला वाटतं, आणि येता-जाता ती तिच्यावरून हात फिरवते. आत काय होतं ते तिला तूच सांग, माझ्याच्याने होणार नाही.