घड्याळवाल्या साहेबासमोर

बाबा, तुमच्यावरचा राग मी इतकी वर्षं जपला. आज तो धरवत नाही, म्हणून लिहितेय.

मी आठ-नऊ वर्षांची असेन. गिरणीत कापड विणायचे नवे साचे आले होते, त्यांच्यावर सूत कमी तुटायचं आणि तुम्ही घरी त्यांचं कौतुक करताना थकत नव्हतात. मग एक माणूस किती साचे सांभाळू शकतो हे पाहायला एक साहेब घड्याळ घेऊन तुमच्या पाठीशी उभा राहिला. खात्यात सगळ्यांचं ठरलं होतं, त्याच्यासमोर हात सावकाश चालवायचे. शेजारच्या खोलीतले काका तुमच्या बाजूच्याच साच्यांवर, ते तर आदल्या दिवशी घरी येऊन बजावून गेले होते. आणि तुम्ही? सूत तुटलं की पापणी लवायच्या आत गाठ! साहेबाने पाठ थोपटली. पुढे प्रत्येकाकडे दोनाचे चार साचे झाले, कापड वाढलं आणि काका घरी बसले. काकूंकडून गणपतीत करंज्या यायच्या, त्या बंद झाल्या. आई बोलली तेव्हा स्टोव्हजवळ बसून तुम्ही म्हणालात, "हात ऐकाक नाय गो माझे." मला ती तेव्हाही पळवाट वाटली.

त्याच गिरणीच्या जागेवरच्या टॉवरमध्ये मी आता विम्याचे क्लेम तपासते. आमचं काम बघून शिकणारं सॉफ्टवेअर नुकतंच बसवलंय. मॅनेजर म्हणतो, "टेन्शन नका घेऊ मॅडम, स्पीड वाढेल, कंपनी वाढली की सगळेच वाढणार." सगळे म्हणजे कोण, असं विचारलं की नुसता हसतो. गिरणीही वाढलीच होती की.

बाजूच्या टेबलवरच्या मैत्रिणीचं घर तिच्या एकटीच्या पगारावर चालतं. डबा खाताना म्हणाली, "ए, खोटी बिलं कशी पकडतो ते त्या सॉफ्टवेअरला दाखवू नको हां. तेवढंच तर आपल्याकडे आहे."

"वेडी आहेस का? मी कशाला दाखवू?" मी म्हटलं.

आज दुपारी एक बिल समोर आलं. त्यातला सातचा आकडा ओळखीचा वाटला. मी दोन जुनी बिलं काढून शेजारी लावली. पेशंट वेगळे, हॉस्पिटलं वेगळी, अक्षर एकच. तिन्हींवर खूण केली. मागून मॅनेजर म्हणाला, "वा मॅडम! हेच शिकवायचं होतं त्याला." मैत्रिणीने मान वर केली नाही.

निघताना मी तिला म्हटलं, "अगं, हात थांबलेच नाहीत." ती लिफ्टकडे गेली.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, म्हणून खरं लिहिते. मॅनेजर मागे उभा आहे, हे मला माहीत होतं. हात थांबले असते, बाबा. मला ती शाबासकी हवी होती.