पळसगावला बसलेली पोथी

२ ऑगस्ट १९५४, सोमवार

गुरनुले गुरुजींचं कार्ड आलं. पळसगावचे शाळामास्तर, बाहेरून बी.ए.ला बसलेले, आमच्या ग्रंथालयाचे टपाली वाचक. उन्हाळ्यात 'तळ्यांची हकीकत' नेलं ते तिकडेच. माझ्या तगाद्यांना आज उत्तर: "पुस्तक श्रावणात पोथी म्हणून बसले आहे. समाप्तीपर्यंत उठवता येत नाही. क्षमस्व."

नियमावली काढून पाहिली. पुस्तक हरवणे, भिजणे, फाटणे, उंदराने खाणे, सगळ्याला कलम आहे. बसण्याला नाही.

एरवी हसून सोडलं असतं. पण लेख! शिळाप्रेसवर छापलेलं जुनं पुस्तक, पुढची पानं गेलेली, लेखकाचं नाव नाही, दुसरी प्रत माझ्या तरी ऐकिवात नाही. लेखक कोण हे मी शोधून काढलं आहे: तळी मोजत फिरलेला कोणीतरी सरकारी ओव्हरसियर. विद्यापीठाच्या संशोधन-अंकात ग्रंथपालाचा लेख पहिल्यांदाच जाणार. महिनाअखेर छापखान्यात. उतारे मुळाशी ताडून द्यायचे आहेत आणि मूळ पाटावर बसलंय.

४ ऑगस्ट

अंकाचे संपादक असलेल्या प्रोफेसरांच्या खोलीत. बसा म्हणाले नाहीत. पुस्तकांच्या माणसाने उभंच राहायचं असतं, कपाटासारखं. "तुमचं काम पुस्तक शोधून देणं. आत काय आहे ते शोधायला आम्ही आहोत." म्हटलं, साहेब, पुस्तकच शोधायला निघालो. रजा मिळाली.

सौ. म्हणाली, छत्री घ्या, अन् तिथे तोंड आवरा.

७ ऑगस्ट, पळसगाव

नागभीडपर्यंत छोटी गाडी, पुढे बैलबंडी, शेवटी नुसता चिखल. धानाची रोवणी चालू, दिवसा गावात माणूस नाही. मुक्काम शाळेत.

पोथी जनाबाईंच्या ओसरीवर. ढिवराचं, मासेमाराचं घर, बाई साठीच्या, तळ्यात जाळं कोणी कधी टाकायचं ते यांना विचारून. लाल फडक्यात पुस्तक, पुढे दिवा. आमच्या गोल शिक्क्यावर हळदकुंकू. इतक्या वर्षांत त्या शिक्क्याकडे आदराने बघणारे हेच पहिले.

गुरुजींनी खाली मान घालून हकीकत सांगितली. गावची जुनी पोथी वाळवीने खाल्ली, श्रावण तोंडावर. त्यांच्याकडे हे ठसठशीत अक्षराचं पुस्तक. त्यात तळी, त्यात पळसगावचंही तळं. जनाबाईंनी निकाल दिला की पाणी आहे ना त्यात, मग देवाचंच आहे.

एका दुपारपुरतं मागितलं.

"जेवत्या माणसाले पाटावरून कोणी उठवते का भाऊ?"

"बाई, विद्यापीठाचं पुस्तक आहे हे."

"असंन. समाप्ती झाली का घेऊन जाजा. त्याईले परसाद बी नेजा."

आमच्या विद्यापीठाला प्रसाद. चालेल, बऱ्याच विभागांत वाटावा लागेल.

८ ऑगस्ट

समाप्ती पोळ्याला. तोवर ऐकायला बसणाऱ्याने मासा खायचा नाही. धरायचा, विकायचा, खायचा नाही. मी बसतो, म्हणजे मलाही लागू. तळ्याच्या काठावर वरणभात गिळतो आहे.

तरी झोप मात्र छान लागते. इथे कोणी विचारत नाही की अमुक पुस्तक निळ्या पुठ्ठ्याचं होतं, ते कुठाय.

११ ऑगस्ट

दिवेलागणीला मंडळी येतात, पायाचा चिखल धुऊन. गुरुजी वाचतात. आज माशांचं प्रकरण निघालं. लेखकाने मरळीचं वर्णन असं केलंय की ओसरीवर आवंढे ऐकू येत होते. मागून कोणी म्हणालं, "गुरुजी, हे पान बिगीनं उलटवा जी." जनाबाईंनी डोळे वटारले. आवंढा त्यांनीही गिळला, मी शेजारीच होतो.

मजेत आहे. उताऱ्यांचं काम शून्य. गुरुजी वाचतात तेव्हा मान लांब करून पानाचे आकडे बघतो, तर जनाबाई म्हणतात, कानानं आयका ना, मानेनं काय आयकता.

१४ ऑगस्ट

गुरुजींना ताप, आवाज गेला. पोथीला खंड नको म्हणून वाचायला मी. उभा जन्म 'शांतता राखा' या पाटीखाली गेला. मोठ्याने वाचायचं म्हणजे चोरी केल्यासारखं वाटलं. पाच-सहा ओळींत सुटलो.

एका तळ्याची पाळ फुटते तिथवर आलो. वाक्य: "मग पाणी गेले कोठे?" हे वाक्य पुस्तकात जागोजाग येतं. मी पुढे वाचत सुटलो, तर सगळी ओसरी चुळबुळायला लागली.

"थांबा ना भाऊ," जनाबाई म्हणाल्या. "पुसलं ना तुम्ही? मंग सांगू द्या आम्हाले."

थांबलो. एक म्हणाला खालच्या बांधीत, धानात. एक म्हणाला नाल्यात. एका बाईने, कोणाच्या तरी सुनेने, सांगितलं की पाणी जाते कुठी, माणसंच गाव सोडून जातात. त्यावर बरीच बोलाचाली झाली. मग जनाबाईंनी मान हलवली, वाचा म्हणून.

पुढचं वाक्य वाचलं: "तुम्ही म्हणता तेही खरे."

हे वाक्य मी घरी किती वेळा वाचलं असेल!

१५ ऑगस्ट

सकाळी शाळेत झेंडा. गुरुजी काढा पिऊन आले, आवाज नाहीच. पोरांनी त्यांच्या वाटणीचं गायलं.

दुपारभर माझा लेख पुढ्यात घेऊन. स्वच्छ टंकलिखित. त्यात मी लिहिलंय: "हेच प्रश्न वारंवार, आणि त्यामागून 'तुम्ही म्हणता' अशी असंबद्ध वाक्ये. लेखनाची सवय नसलेल्या सरकारी नोकराची ही खूण." या एका खांबावर माझा ओव्हरसियर उभा आहे. तो खांब काल जनाबाईंनी काढून घेतला.

हा माणूस ऐकणाऱ्यांसाठी जागा सोडत गेला आहे. गावोगाव तळ्यांवर बसून सांगत असावा, छापलं नंतर. कोण, ते माहीत नाही. पुरावा? एका ओसरीवरची बोलाचाली. प्रोफेसरांच्या तळटीपेत ती कशी बसवायची...

वाईट वाटायला हवं होतं. पण दुपारी सुके शिंगाडे खाताना आपला आपणच हसलो.

१८ ऑगस्ट

प्रोफेसरांना पत्र. लेखाची दिशा बदलते आहे, पुढच्या अंकापर्यंत मुदत द्यावी. नम्रतेची सगळी विशेषणं वापरली. उत्तर घराच्या पत्त्यावर मागवलं. पळसगावचा डाकवाला आठवड्यातून दोनदा येतो, आणि तेही त्याच्या बायकोशी भांडण नसेल तर.

वाचन माझ्याकडेच. गुरुजी बरे झाले, तरी म्हणतात तुम्हीच वाचा, तुमचा आवाज पडवीपर्यंत जाते. शहाणे आहेत, परीक्षेचा अभ्यास करून राहिलेत. मी प्रश्नापाशी थांबायला शिकलो. त्यामुळे पोथी गोगलगाय झाली आहे. पोळ्याला संपायची ती गणपतीपर्यंत पुरेल, आणि तोवर मासा नाही. जाळंवाल्यांचा रोष माझ्यावर. आज एक जण वाटेत म्हणाला, "भाऊ, थोडं थोडं खाऊन टाकत जा ना मधलं."

२१ ऑगस्ट

चूक केली. लेखक कोण असावा, असं ओसरीवर बोललो. संध्याकाळपर्यंत लेखकाचे तीन वंशज निघाले. एकाच्या आज्याने म्हणे पुस्तक तोंडी सांगितलं, दुसऱ्याच्या आज्याने त्याला भात वाढला, तिसऱ्याच्या आज्याने भात चोरला. जनाबाई म्हणाल्या, तिघंही लबाड. मग म्हणाल्या की त्यांच्या सासूला मात्र एक तळी सांगत फिरणारा बुवा आठवत होता, सिरोंच्याकडचा, बोलताना मधेच तेलंगी शब्द घालणारा.

पुस्तकात चार-दोन तेलुगू शब्द आहेत. मी त्यांना छपाईची चूक म्हटलंय.

२५ ऑगस्ट

डाकवाला आला. सौ.चं पत्र, सोबत प्रोफेसरांचा निरोप. मुदत मिळणार नाही. आहे तो लेख जसाच्या तसा द्या, उताऱ्यांचं बघून घेऊ. नाहीतर ती पानं त्यांच्या स्वतःच्या निबंधाला जातील. आणि पुढे ग्रंथालयाकडून लेख मागवण्याचा प्रघात पडणार नाही. सौ.ने खाली लिहिलंय: "पाठवून द्या. चूक असली तरी वाचतो कोण?"

बाई खरं बोलते. म्हणूनच अडचण.

पाठवला तर पहिल्यांदाच ग्रंथपालाचं नाव अंकात, आणि माझ्या मागच्यांना दार उघडं. आत मात्र एक माणूस, जो कधी नव्हताच. मागे घेतला तर दार बंद, आणि हातात इथे नव्याने लिहिलेली दोन पानं, तीही प्रश्नांनी भरलेली.

गुरुजींना सांगितलं. त्यांनी फक्त विचारलं, लेखातला ओव्हरसियर जागच्या जागी मारता नाही का येणार? म्हटलं, टंकलेखन फार सुंदर झालंय हो.

२८ ऑगस्ट, पोळा

बैल सजवले, तोरणाखाली उभे. गावाला आज उसंत. सकाळी लेख मागे घेतल्याचं पत्र लिहिलं. छोटं. त्यात एकही विशेषण नाही, त्यामुळे प्रोफेसर घाबरतील. पाकीट चिकटवलं, खिशात ठेवलं. खिशातच दुसरं पाकीट आहे, लेखाचं. तेही चिकटवलंय.

संध्याकाळी समाप्ती नव्हतीच, पोथी अजून बरीच बाकी. वाचता वाचता पळसगावच्या तळ्याचं प्रकरण लागलं. "हे तळे कोणी बांधले?" असा प्रश्न आहे. थांबलो. सगळी ओसरी जनाबाईंकडे बघायला लागली. मी इथे आल्यापासून पहिल्यांदाच.

मग जनाबाई म्हणाल्या, "हे नाई मालूम आम्हाले. पुढं वाचा."

पुढचं वाक्य होतं: "तुम्हांसही ठाऊक नाही, तर चला, वरच्या गावी विचारू."

जनाबाईंनी पुस्तकावर फडकं घातलं. वरच्या गावी त्यांची नणंद असते. रोवणी उरकली की बंडी निघेल, मी येतो का म्हणून विचारलं. हो म्हणालो. रजेचं काय, ते बोललो नाही.

डाकवाला आता सोमवारी. तोपर्यंत शहाणपण सुचलं नाही, तर पहिलंच पाकीट देईन, लेख मागे घेतल्याचं.