मंगळवारचा डबा

पांढुर्णा,
३ फेब्रुवारी १९८६

चि. सौ. अलकास, विजयावहिनीचे अ. उ. आशीर्वाद.

तुझ्या दादाचं वर्षश्राद्ध येऊन राहिलं. भेटेल तो म्हणतो, मनोहररावांसारखा घरवेडा माणूस पाहिला नाही. संत्र्याच्या बागांना फवारणीचे पंप विकत गावोगाव फिरले, पण मुक्काम कुठं केला नाही. शेवटच्या बसनं का होईना, घरीच. मी मान हलवते. पण मनात एक काटा आहे, तो आज काढते.

दर मंगळवारी त्यांची सौंसरची फेरी. मी पाचला उठून भरल्या वांग्यांचा डबा देत होती. बाकी दिवसांचे डबे खरकटे परत यायचे. मंगळवारचा मात्र लखलखीत, राखेनं घासलेला! ज्या माणसाला घरी कपबशी विसळता येत नव्हती, तो डबा घासेल? अकरा वर्षं मी तोंड मिटून जळत राहिली. सौंसरात ती कोण होती? तुला ठाऊक असेलच. माझी शपथ आहे, लपवू नको.

केशवरावांना नमस्कार, मुलांना पापे.

तुझी वहिनी,
विजया

सौंसर,
८ फेब्रुवारी १९८६

ती. वहिनीस, अलकाचा शि. सा. न. वि. वि.

वहिनी, ती मीच.

तुमचं नवं लग्न असताना दादानं माझ्या पाटवडीची तारीफ केली, तर तुम्ही आठ दिवस अबोला धरला होता. तेव्हापासून त्यानं तुमच्यासमोर माझ्या स्वयंपाकाचं नाव काढलं नाही. माझ्याकडे चोरून पाटवडी खायचा आणि तुमचा डबा माझ्या ताटात उलटा करायचा. म्हणायचा, ती पाचपासून चुलीपुढं बसते, घासभर परत गेलं तरी तिचा जीव खालीवर होईल, तू खा. माझ्या घरात बसून वर तुमचीच तारीफ! पंप विकतानाही एवढं बोलत नसेल.

खोटं काहून लिहू? माझा जळफळाट व्हायचा. कधी तरी मीठ कमी निघेल म्हणून अकरा वर्षं तुमची वांगी चाखली. एकदाही निघालं नाही. तो राग डब्यावर काढत होती, म्हणून तो तेवढा लखलखीत.

आता मंगळवारी पाटवडी करवत नाही. रागावलात तरी चार ओळी धाडा.

तुमची,
अलका

पांढुर्णा,
१४ फेब्रुवारी १९८६

चि. सौ. अलकास, अ. उ. आशीर्वाद.

पत्र वाचून आधी हायसं वाटलं, मग अंगाची लाही झाली. परकी बाई असती तर पोटभर शिव्या दिल्या असत्या, निघाली नणंद! मंगळवारी संध्याकाळी हे भूक नाही म्हणायचे आणि मी ओव्याचा काढा करून पाजत होती. मुकाट्यानं पीत होते बापा! ते आठवून कालपासून मी हसून राहिली अन् रडूनही राहिली.

श्राद्धाला दोन दिवस आधी ये. त्यांच्या पानावर वांगी मी वाढीन, पाटवडी तू वाढ. हे लिहिताना हात जड झाला, पण लिहिलं.

या मंगळवारी पहिल्या बसनं मोतीराम कंडक्टरजवळ डबा देते. भरून आलेला डबा रिकामा धाडायची आपल्यात रीत नाही, आणि तू अकरा वर्षं रिकामा धाडलास. आता घासत बसू नको, पाटवडी भरून पाठव.

मीठ मी चाखून पाहणार आहे.

तुझी वहिनी,
विजया